यंत्र येतंय, आता आम्ही काय मागायचं?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात पोत्यांची थप्पी लावणाऱ्या यांत्रिक हाताबद्दल लिहिलं आणि खान्देशातून भराभर पत्रं आली. त्यातली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. ते वाचल्यावर दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

प्रश्न : सर, मी जळगावच्या एका डाळ मिलमध्ये ११ वर्षांपासून कामाला आहे. आम्ही २२ बाया आहोत. राहिलेली डाळ निवडायची, वजन करून पिशव्या भरायच्या, सील करायच्या, पोत्यांची तोंडं शिवायची. रोज ४५० रुपये मिळतो. माझा पीएफ कापतात, पण निम्म्या बाया मुकादमाकडून येतात, त्यांचं काही कापत नाहीत. दिवाळीनंतर आपोआप पिशवी भरणारी मशीन आणि पोती उचलणारा रोबोट येणार असं सुपरवायझर सांगतात. शेठजी काही बोलत नाहीत. मशीन बसली की उद्यापासून येऊ नका, असं म्हणू शकतात का? आम्ही काय करायचं? (एक वाचक भगिनी, जळगाव)

उत्तर : ताई, असं तोंडी सांगून तुम्हाला काढता येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. यंत्र किंवा कामाची पद्धत सुधारल्यामुळे माणसं कमी होणार असतील तर मालकानं आधी नोटीस द्यायची आणि नोटिशीनंतर २१ दिवस तो बदल करायचा नाही. पुढे कपात करायचीच झाली, तर जिची सलग एक वर्ष नोकरी झाली आहे (बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष धरतात) तिला एक महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, शिवाय भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) वेगळी. नव्या संहितेत आणखी एक गोष्ट आली आहे : कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून मालकानं १५ दिवसांचा पगार एका निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर पडायचा.

तुमचा हिशेब मी वहीत मांडला. १५ दिवसांचे ६,७५० रुपये. ११ वर्षांची भरपाई ७४,२५०. ग्रॅच्युइटी तेवढीच, ७४,२५०. नोटिशीच्या महिन्याचे २६ दिवस धरले तर ११,७००. कौशल्य निधीचे ६,७५०. एकूण १,६६,९५० रुपये. हा आकडा पाठ करून ठेवा. "दहा हजार घ्या आणि सही करा" असं कोणी म्हणालं तर सही करण्याआधी तो आठवा. आणखी एक : कपातीनंतर वर्षाच्या आत त्याच मिलमध्ये भरती निघाली, तर आधी तुम्हाला बोलवावं लागतं.

आता ज्या मुकादमाकडच्या आहेत त्यांच्याबद्दल. कागदावर त्यांचा मालक मुकादम असतो आणि बऱ्याचदा कागदच नसतो. माझी खरी काळजी त्यांचीच आहे. २४० दिवस भरले हे दाखवायचं कशावरून? म्हणून या आठवड्यापासून प्रत्येकीनं शाळेच्या वहीत तारीख, कामाचे तास, मिळालेला रोज आणि कोणी दिला ते लिहायला लागा. हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. पैसे खात्यावर मागा. दहा किंवा जास्त माणसं जिथं आहेत तिथं नियुक्तीपत्र मिळणं हा आता कामगाराचा हक्क आहे, ते लेखी मागा. आणि २२ जणींच्या सह्या-अंगठ्यांचा एकच अर्ज सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

हे झालं कायद्याचं. पण तुम्ही विचारलंय, आम्ही काय करायचं. त्यासाठी मला माझ्या आईची गोष्ट सांगावी लागेल.

आम्ही जळगावातच, मेहरूणला राहायचो. आई पारोळ्याकडची, बोली अहिराणी. एका डाळ मिलमध्ये ती २० वर्षं वेचणीला बसली. सकाळी बारदान (तागाचं पोतं) अंथरायचं, त्यावर तुरीची डाळ ओतायची आणि सुपात घेऊन खडा, काळा दाणा, टरफल न निघालेला गोटा वेचायचा. दिवसाला एक पोतं, फार तर सव्वा. तुरीचा भुसा छातीत जायचा. हिवाळ्यात ती रात्रभर खोकायची. हे काम चांगलं होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

१९९८ मध्ये त्या मिलमध्ये सॉर्टेक्स आलं. रंग पाहून दाणा निवडणारं यंत्र, मग ते कोणत्याही कंपनीचं असो, आपल्याकडे त्याला सॉर्टेक्सच म्हणतात. डाळ वरून उतरत्या पन्हळीतून घसरते, खाली पडता पडता कॅमेरा तिला पाहतो, आणि दाणा डागी दिसला की हवेची बारीक फुंकर त्याला बाजूला उडवते. टक, टक, टक, टक. चाळीस बायांचं दिवसाचं काम दोन तासांत. मी तेव्हा आयटीआयला जोडारी (फिटर) विभागात शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा होतो. मिलमधून निरोप आला, हवेच्या लाइनीत पाणी येतंय, फुंकर नीट बसत नाही, रविवारी येऊन बघाल का? मी गेलो. कॉम्प्रेसरनंतर पाणी अडवणारा ट्रॅप चुकीच्या जागी होता. तो हलवला. यंत्राचा पाया जिथं घातला होता, तिथंच आईचं बारदान असायचं.

बहुतेक बाया तोवर घरी गेल्या होत्या. पोत्यांची तोंडं शिवायला तिघी ठेवल्या होत्या, त्यात आई. ती आली आणि यंत्रानं बाहेर टाकलेल्या मालाच्या ट्रेमध्ये तिनं हात घातला. मूठभर डाळ तळहातावर पसरून म्हणाली, "हाई तं चांगली दाय फेकी राह्यनं." (हे तर चांगली डाळ फेकतंय.) मी बघितलं. तेल जरा जास्त लागलेला दाणा कॅमेऱ्याला गडद दिसत होता, म्हणून यंत्र त्याला डागी समजत होतं. बाहेरून आणलेल्या ऑपरेटरच्या ते दोन दिवसांत लक्षात आलं नव्हतं. आईनं शंभर-दीडशे दाणे वेगळे काढले : हे खरे डागी, हे नुसते तेलाचे. तो नमुना ठेवून सेटिंग बदललं आणि ट्रेमधला माल जवळजवळ निम्म्यानं घटला. शेठजी खूश झाले. आईला चहा दिला. दीड महिन्यानं शिवणाचं मशीन आलं आणि तिलाही थांबवलं. तिच्या हातात निघताना काही पडलं नाही, कारण कागद नव्हता. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आते आम्हले कोन इचारस."

त्या यंत्राला रोज नमुना पाहणारं माणूस लागतंच होतं. काच पुसायची, ट्रे तपासायची, माल बदलला की सेटिंग बदलायचं. डाळ जिला ओळखता येते तिला पंधरा दिवसांत हे शिकवता आलं असतं. कोणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तिथं उभा होतो, हातात पाना होता, मालक ऐकायच्या मनःस्थितीत होते. एक वाक्य बोलायला हवं होतं. ते न बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून ताई, भरपाई मागाच, पण तिच्या आधी शिक्षण मागा. पिशवी भरणाऱ्या मशीनला फिल्मचा रोल चढवावा लागतो, दर थोड्या वेळानं वजन पडताळावं लागतं, सीलची उष्णता बघावी लागते, अडकलेली पिशवी काढावी लागते. मशीन विकणारी कंपनी ते बसवताना ऑपरेटरला शिकवते. त्या शिकवणीला तुमच्यातल्या बाया बसवा, हे अर्जात लिहा. यंत्र यायच्या आधी लिहा, नंतर बाहेरचा मुलगा नेमलेला असतो. मालकाचाही यात तोटा नाही. माल ओळखणारी माणसं त्यांच्याकडे ११ वर्षं आहेत.

आणि रोबोट चालू असताना त्याच्या भोवतीच्या जाळीच्या आत कधीही पाऊल टाकू नका, पिशवी पडली तरी. १९७९ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या एका मोटार कारखान्यात यांत्रिक हाताचा तडाखा बसून कामगार गेला. त्या हाताला माणूस मध्ये आला हे कळत नाही. जाळीचं दार उघडलं की यंत्र थांबतं ना, हे पहिल्याच दिवशी समोर करून दाखवायला सांगा.

प्रश्न : तुम्ही रोबोटमुळे काम जाईल म्हणता. इकडे कापूस वेचायला माणूस मिळत नाही. दिवाळी झाली की मजूर शोधत फिरावं लागतं. आमच्या कपाशीसाठी यंत्र कधी येणार? (एक शेतकरी, धरणगाव तालुका)

उत्तर : भाऊ, दोन्ही खरं आहे. ज्या जिल्ह्यात मिलमधल्या बाईला काम राहील की नाही याची धास्ती आहे, त्याच जिल्ह्यात शेतात वेचणीला बाई नाही.

यंत्र परदेशात कधीचं आहे. १९४४ साली अमेरिकेत मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ हॉपसन मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंत कपाशीचं अख्खं पीक यंत्रानं काढलं. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तिथली हातवेचणी जवळपास संपली आणि लाखो काळे शेतमजूर शिकागो, डेट्रॉइटकडे गेले. आपल्याकडे उलट झालं. माणसं आधी सुरतला, उधना-लिंबायतला गेली. यंत्र अजून आलंच नाही.

अडचण झाडाची आहे. आपली कपाशी पसरते, बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. मोठं यंत्र एकाच फेरीत सगळं ओढतं, त्यासाठी झाड बुटकं, बोंडं एका वेळी फुटणारी आणि पानं आधी गाळलेली लागतात. नाहीतर कापसात पाला येतो आणि जिनिंगवाला भाव पाडतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं सघन लागवडीवर आणि लवकर येणाऱ्या वाणांवर काम केलं आहे, ते आधी एका बिघ्यावर करून बघा. बॅटरीवर चालणारी हातातली यंत्रं बाजारात आहेत. घेण्याआधी कोणाच्या तरी शेतात दिवसभर चालवून बघा, सराईत बाईच्या दोन हातांपुढे ती टिकतात का ते.

आणि किलोमागे चार पैसे जास्त देऊन बघा. मी शेतकऱ्याचाच नातू आहे, भाव पडल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे, तरी म्हणतो.

प्रश्न : सर, मी अर्थशास्त्र शिकतो. एका ठिकाणी वाचलं ४७ टक्के नोकऱ्या जाणार, दुसऱ्या ठिकाणी ९ टक्के. आमचे प्राध्यापक म्हणतात, यंत्रं आली की नवी कामं तयार होतातच, इतिहास बघा. नेमकं काय मानायचं? (विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर : बाळा, दोन्ही आकडे खऱ्या अभ्यासातले आहेत. ४७ टक्के हा २०१३ चा, ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बर्न यांचा. त्यांनी अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेतले आणि तांत्रिकदृष्ट्या कोणते यंत्राला करता येतील ते मोजलं. ते जातीलच असं त्यांनी म्हटलेलं नाही. ९ टक्के हा २०१६ चा, ओईसीडी या, बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी केलेल्या अभ्यासाचा, २१ देशांची सरासरी. त्यांनी व्यवसाय अख्खा न धरता त्यातली कामं वेगवेगळी पाहिली. वरच्या पत्रातल्या ताई निवडतात, तोलतात, भरतात, शिवतात. त्यातली दोन कामं यंत्राकडे गेली तरी तिसरं-चौथं उरतं. मला दुसरी पद्धत जास्त पटते, कारण कारखान्यात मी तसंच घडताना पाहिलं आहे.

तुझ्या प्राध्यापकांचं म्हणणं खोटं नाही. १९८० च्या दशकात बँकांमध्ये संगणक येणार म्हटल्यावर संघटना रस्त्यावर आल्या होत्या, माझे दोन मित्र त्या मोर्चांत होते. पुढे शाखा वाढल्या, कर्जं वाढली. अमेरिकेत एटीएम आली तेव्हा सगळ्यांना वाटलं की खिडकीवरचे कारकून संपले. जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञानं दाखवलं की शाखा चालवणं स्वस्त झाल्यामुळे बँकांनी शाखा वाढवल्या आणि कारकुनांची संख्या बरीच वर्षं घटली नाही.

पण दुसरी बाजूही वाच. असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो यांनी अमेरिकेतली १९९० ते २००७ ची आकडेवारी तपासली. दर हजार कामगारांमागे एक रोबोट वाढला की लोकसंख्येतल्या नोकरदारांचं प्रमाण ०.२ टक्का बिंदूंनी आणि मजुरी ०.४२ टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं. म्हणजे तिथं वाचलेला पैसा त्याच लोकांसाठी नवं काम होऊन पुरेसा परत आला नाही.

तुझ्या पुस्तकात नसेल ते सांगतो. आईचं काम गेलं त्या वर्षी आमच्या गल्लीतली बायांची भिशी बंद पडली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची उधारीची वही जाड झाली, मग त्यानं उधार देणंच थांबवलं. चाळीस बायांचा रोज संध्याकाळी तेल, साखर, वह्या-पेन्सिली यांत जायचा, मेहरूणमध्येच फिरायचा. यंत्राचा हप्ता बँकेत जायला लागला आणि त्याची किंमत परदेशात. डाळ स्वच्छ झाली, मिलचा धंदा वाढला, हमाल आणि ट्रकवाल्यांना काम मिळालं, हेही तितकंच खरं. अर्थव्यवस्था वाढली म्हणताना तो किराणावालाही मोज, एवढं मला तुझ्याकडून हवं आहे.

केन्सनं १९३० मध्ये 'तांत्रिक बेकारी' हा शब्द वापरला आणि ती तात्पुरती अवस्था असेल असं म्हटलं. काम गेलं तेव्हा आई ५१ वर्षांची होती. तिला पुन्हा पगाराचं काम मिळालं नाही.

तुला प्रकल्प करायचाच आहे तर अमळनेर, धुळे, जळगाव इथल्या जुन्या कामगारांना भेट. कोणतं यंत्र कोणत्या साली आलं, किती माणसं घरी गेली, कितींना त्याच जागी दुसरं काम मिळालं, कोण सुरतला गेलं. कापड गिरण्यांबद्दल विचारताना सावध राहा. मुंबईतल्या १९८२ च्या संपानंतर कापडाचं काम गिरण्यांमधून यंत्रमागांकडे सरकलं, तिथं यंत्र जुनंच होतं, मजुरी कमी होती. प्रत्येक बंद भोंग्याचा दोष नव्या यंत्रावर टाकू नकोस.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे. जेमतेम ६५ टक्के पडतील. एक खाजगी क्लासवाले 'रोबोटिक्स' शिकवतो म्हणून ८० हजार मागतात. केळीत यंदा पैसा झाला नाही, तरी भरावे का? (पालक, सावदा)

उत्तर : भाऊ, भरू नका.

त्याला आयटीआयला घाला. वीजतंत्री, जोडारी, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, यातलं कोणतंही चालेल. काही आयटीआयमध्ये मेकॅट्रॉनिक्स (यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) आणि औद्योगिक रोबोटिक्सचेही ट्रेड आहेत, जवळ मिळालं तर उत्तम. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. खरा रोबोट तो तिथं उघडलेला पाहील.

मला तीस वर्षांच्या नोकरीत एकच गोष्ट परत परत दिसली. महागडं यंत्र बंद पडतं ते बहुतेक वेळा सेन्सरवर बसलेल्या धुळीमुळे, सैल झालेल्या वायरीमुळे, हवेच्या नळीतल्या पाण्यामुळे. कंपनीचा माणूस पुण्याहून दुसऱ्या दिवशी येतो, तोवर काम ठप्प. ते तासाभरात ज्याला शोधता येतं त्याला भुसावळपासून नंदुरबारपर्यंत काम आहे.

मुलाचा कल आधी घरीच बघा. तुमच्या केळीच्या बागेत ठिबकचा फिल्टर असेल, व्हेंच्युरी असेल, पंपाला ऑटो स्टार्टर असेल. या रविवारी फिल्टर त्याला एकट्याला उघडून धुवायला सांगा, स्टार्टर बंद पडला की वायरमनच्या शेजारी उभा करा. तो स्वतःहून प्रश्न विचारायला लागला तर निकाल लागल्यावर आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरा आणि पसंतीक्रमात ट्रेड त्याच्या तोंडून ऐकून टाका. घरात मुलगी असेल तर तिलाही तोच फिल्टर उघडायला द्या. माझ्या शेवटच्या बॅचमध्ये वायरिंगचा दोष सर्वांत लवकर शोधणारी मुलगी यावल तालुक्यातली होती.